साडेतीन बाय दोन इंच

नोव्हेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या बावधन भागातल्या एका घरकाम करणाऱ्या मावशींचं व्हिजिटिंग कार्ड देशभरच्या मोबाइलांवर फिरलं. मावशींचं एक काम सुटलं होतं आणि महिन्याच्या मिळकतीला खड्डा पडला होता. त्या ज्यांच्याकडे कामाला जात, त्या बाई ब्रँडिंग-मार्केटिंगच्या क्षेत्रातल्या. त्यांनी मजकूर आणि मांडणी करून शंभर कार्डं छापून आणली आणि वॉचमनच्या मदतीने आसपास वाटली. कार्डावर नाव, मोबाइल नंबर, कामाचा भाग, आणि भांडी, केर-फरशी, कपडे, पोळ्या या कामांचे महिन्याचे दर होते. भांड्यांचे ८०० रुपये, पोळ्यांचे १०००. आधार कार्डाची पडताळणी झाल्याचा उल्लेखही होता. कार्डाचा फोटो समाजमाध्यमांवर गेला आणि मावशींचा फोन थांबेना.

त्या कार्डाचं यश मजकुरात आहे. घरकामाला बाई शोधणाऱ्या माणसाच्या मनात जे प्रश्न असतात त्यांची उत्तरं तिथे दिलेली होती: काम कोणतं, कुठे, किती पैशांत आणि भरवसा कशाचा. फोन करण्याआधीच निम्मी बोलणी उरकली होती. कार्ड करायला निघालेली बहुतेक माणसं याच्या उलट वाटेने जातात. आधी लोगो, मग रंग, मग कागद, आणि मजकूर अगदी शेवटी, डीटीपी ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसून घाईघाईत सांगितलेला. कार्ड कामाचं होणार की गठ्ठ्यानं कपाटात पडून राहणार, हे मशीन सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरतं.

नोकरदाराचं कार्ड कंपनी ठरवते. रंग, अक्षर, हुद्दा सगळं ठरलेलं. स्वतःच्या नावाचं कार्ड लागतं ते शिकवणी घेणाऱ्या बाईंना, प्लंबरला, अनुवादकाला, तबलजीला, कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबाला, नव्याने वकिली सुरू केलेल्या मुलीला. त्यांच्यामागे कंपनीचं नाव नसतं, बाजारात दुकान असतंच असं नाही. ओळख पोचवायची ती या चिटुकल्या पुठ्ठ्यानेच. म्हणून मजकुरावर खरी मेहनत यांनीच घ्यायला हवी.

मेहनत म्हणजे अलंकारिक लिहिणं नव्हे. ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकची कामे केली जातील’ ही ओळ हजारो कार्डांवर असते आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘घराचं वायरिंग, इन्व्हर्टर, बोअरची मोटर’ असं लिहिलं की मोटर जळालेल्या माणसाला नेमकं कार्ड आठवतं. ‘क्लासेस’ऐवजी ‘आठवी ते दहावी, गणित, मराठी आणि सेमी-इंग्रजी’ असं लिहिलं तर चौकशीचे निरुपयोगी फोन कमी होतात. गिऱ्हाईक घरी येणार नसेल तर पूर्ण पत्ता द्यायची गरज नसते. एकट्याने घरून काम करणाऱ्या बाईंनी तर फक्त भाग आणि शहर द्यावं. दोन मोबाइल नंबर दिले की कुठल्यावर फोन करायचा हा प्रश्न समोरच्याच्या गळ्यात पडतो. एकच नंबर, पण जो उचलला जातो तोच. तो पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत छापला तर वाचून डायल करताना चुकत नाही.

काही व्यवसायांत मजकुरावर कायद्याचीही नजर असते, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाची पाटी किंवा त्याची छापील स्टेशनरी यांवर तो अमुक प्रकारच्या खटल्यांत तज्ज्ञ आहे असं लिहिता येत नाही. तो पूर्वी न्यायाधीश होता किंवा बार कौन्सिलचा सदस्य आहे, हेही नाही. ‘फौजदारी प्रकरणांचे तज्ज्ञ’ ही ओळ त्यामुळे वकिलाच्या कार्डावर चालत नाही. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत मान्यताप्राप्त पदव्याच नावापुढे लावण्याचं बंधन आहे. आणि राष्ट्रचिन्ह असलेल्या सिंहमुद्रेचा प्रश्न तर फार गंभीर. २००५ चा राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराला बंदी घालणारा कायदा आणि २००७ चे नियम यांनुसार ती मुद्रा कोणी वापरायची हे ठरलेलं आहे. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, निवृत्त अधिकारी यांनाही ती वापरता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवृत्तीनंतर जुन्याच फाइलवरून नवी कार्डं काढून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

कार्डाचं माप भारतात साधारण साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. युरोपात ८५ बाय ५५ चालतं, जपानमध्ये ९१ बाय ५५. बँकेचं एटीएम कार्ड आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर असतं. पाकिटाचे कप्पे याच मापाच्या आसपास शिवलेले असल्याने वेगळेपणासाठी चौरस किंवा लांबुडकं कार्ड करणाऱ्याचं कार्ड पाकिटात न जाता टेबलावर राहतं, आणि टेबलावरून हरवतं.

या मापाला इतिहास आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटी छायाचित्रं घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. या छायाचित्रांचा कागद ५४ बाय ८९ मिलिमीटरचा असे आणि तो किंचित मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला असे. भेटीला गेल्यावर द्यायच्या कार्डाएवढं ते छायाचित्र म्हणून त्याचं नावही तसंच पडलं. ती लाट मुंबईलाही आली. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांनी अशी कार्डाच्या मापाची छायाचित्रं काढली आहेत. दिस्देरीने छायाचित्रासाठी घेतलेलं ते माप आजच्या आपल्या कार्डापासून तीनेक मिलिमीटरच दूर आहे.

त्या काळी कार्ड म्हणजे उच्चभ्रूंच्या भेटीगाठींचं साधन. एका कार्डाने तर इंग्रजी साहित्याच्या इतिहासात उलथापालथ केली. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी हा उमराव लंडनच्या अल्बेमार्ल क्लबात गेला आणि लेखक ऑस्कर वाइल्डसाठी आपलं कार्ड ठेवून आला. त्यावर त्याने हाताने वाइल्डच्या समलिंगी संबंधांवर बोट ठेवणारी ओळ खरडली होती, तीही चुकीच्या स्पेलिंगने. क्लबच्या दरवानाने कार्डाच्या मागे तारीख-वेळ लिहून ते पाकिटात घातलं आणि दहा दिवसांनी वाइल्ड आल्यावर त्याच्या हाती दिलं. वाइल्डने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती उलटली, आणि मे महिन्यात त्यालाच दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. ते कार्ड ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेलं आहे. कार्डाच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिता येणं हा तेव्हा गृहीत धरलेला गुण होता. तो आज आपण कसा घालवून बसलो, ते पुढे येईलच.

आता डीटीपी सेंटरमध्ये शिरू. पुण्याच्या नारायण पेठेत, शनिवार पेठेत किंवा कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत चित्र सारखंच दिसतं: दोन संगणक, कोरल ड्रॉ उघडलेलं, भिंतीवर नमुन्याची कार्डं, कोपऱ्यात कटिंग मशीन. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मराठी मजकूर पाठवतं आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

मोबाइलवरची मराठी युनिकोडमध्ये असते. मराठी छपाईचा पुष्कळसा व्यवहार मात्र अजून श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांवर चालतो. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने केलेल्या श्री-लिपीने महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांना, प्रकाशकांना आणि छापखान्यांना संगणकावर आणलं, हे ऋण मोठं आहे. पण या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘शिक्षक’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. शिवाय कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड देवनागरी नीट जुळवता येत नाही; जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या जागा सोडतात. म्हणून ऑपरेटर एकतर कन्व्हर्टर वापरतो किंवा सगळा मजकूर पुन्हा टाइप करतो. चुका शिरतात त्या याच दोन वाटांनी.

कुठल्या चुका, तेही ठरलेलं असतं. पहिली गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडपांडे अशा आडनावांतली. यांतला अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा असतो आणि तो मराठीला आवश्यक आहे. रूपांतरात त्याचा रफार होतो आणि माणसाचं आडनावच बदलतं. दुसरी ‘ॲड.’मधली. वकिलांच्या नावामागे लागणाऱ्या या संक्षेपातलं ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फाँटांत ते नाही, त्यामुळे तिथे अ आणि त्यावर वेगळा चंद्र असं काहीतरी जुळवलेलं दिसतं, किंवा मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. तिसरी गोष्ट चूक म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. शेलार हे आडनाव घ्या. मराठीच्या वळणात श देठाचा आणि ल पाकळीचा. नोव्हेंबर २०२२ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयातही हीच रूपं ठरवून दिली आहेत. फुकट मिळणारे अनेक देवनागरी फाँट मात्र हिंदी वळणाचे श आणि ल देतात. काही फाँटांमध्ये मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. वाचणाऱ्याला अडणार नाही हे खरं. पण स्वतःच्या नावाच्या कार्डावर स्वतःचं नाव आपल्या लिपीच्या वळणात असावं, ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती ऑपरेटरला आधी सांगितली तर पूर्णही होते.

देवनागरीची आणखी एक गरज इंग्रजी साच्यावरून कार्ड करताना हमखास चिरडली जाते. इंग्रजी अक्षराला वर-खाली फार थोडी जागा लागते. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि ऋकार. ठरलेल्या उंचीत हे सगळं बसवायचं तर मधलं मूळ अक्षर लहान होतं. म्हणून इंग्रजी पत्ता ७ पॉइंटात सहज वाचता येतो, तर त्याच कार्डावरचा मराठी पत्ता ७ पॉइंटात म्हाताऱ्या माणसाला भिंग लावूनच वाचावा लागतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. मराठी मजकूर ९ किंवा १० पॉइंटांच्या खाली नेऊ नये, आणि दोन ओळींत अंतर जास्त सोडावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. इंग्रजीत नाव भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि नाव सुट्या अक्षरांत विखुरतं. लांब नाव बसत नाही म्हणून ते आडवं दाबणं हाही तसलाच प्रकार. नाव दोन ओळींत घ्यावं, पण चेपू नये.

चांगल्या फाँटांची आता वाण नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेली ‘मुक्ता’ ही अक्षरमालिका सात वजनांत, खुल्या परवान्याखाली कुणालाही मोफत मिळते, ‘बालू’ही त्यांचाच. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि संगणकावर मराठी दिसू लागली यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. पण तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला फाँट. छापील कार्डावर तो घ्यायचं कारण आज उरलेलं नाही.

फाइल तयार झाली की प्रेसचा माणूस म्हणतो, ‘कर्व्ह करून पाठवा.’ म्हणजे अक्षरांचं रूपांतर रेषांच्या आकृत्यांत करा, म्हणजे समोरच्या संगणकावर तो फाँट असो वा नसो, अक्षर हलणार नाही. हे जरूर करावं, पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली मूळ फाइलही गिऱ्हाइकाने मागून घ्यावी. कार्डाचे पैसे देऊन ती मूळ फाइल न घेणारे पुढच्या वेळी नंबर बदलला की पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजतात.

छपाईचे रस्ते दोन: ऑफसेट आणि डिजिटल. पूर्वी तिसरा होता, ट्रेडलचा. अमेरिकेत जॉर्ज गॉर्डनने १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या छोट्या छपाईयंत्राच्या घराण्यातली ही मशिनं. पायाने किंवा मोटारीने चालायची, आणि माणूस एकेक कार्ड हाताने आत सरकवायचा, छापलेलं काढायचा. मजकूर शिशाच्या खिळ्यांत जुळवलेला. देवनागरीच्या खिळ्यांत मात्रा आणि रफार अक्षराबाहेर डोकवायचे आणि तेच आधी तुटायचे. जुन्या कार्डांवर, पावत्यांवर मात्रा उडालेली दिसते ती यामुळे. ट्रेडलचं अक्षर कागदात किंचित रुतायचं. बोट फिरवलं की कळायचं.

ऑफसेटचं मूळ आणखी मागे जातं. १७९६ मध्ये म्युनिकच्या आलोइस सेनेफेल्डरने तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर दगडावरून छपाई केली, तो शिळाछाप. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावरच. पुढे १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेल या छापखानेवाल्याच्या लक्षात आलं की कागद घालायचा चुकला की शाई दाब देणाऱ्या रबरावर उमटते, आणि त्या रबरावरून पुढच्या कागदावर आलेली छाप धातूवरून थेट आलेल्या छापेपेक्षा सुबक असते. त्या निरीक्षणातून आजचं ऑफसेट उभं राहिलं.

रंगीत कार्डासाठी ऑफसेटला निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया आणि चार प्लेटा लागतात. प्लेटा बनवणं, मशिनवर चढवणं, चारही रंग एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत कागद वाया घालवणं, हा खर्च शंभर कार्डांना जेवढा तेवढाच दहा हजारांना. मग एकट्या शिक्षिकेची हजार कार्डं काही शे रुपयांत कशी परवडतात? ठोक प्रेसवाले गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडून आलेली अनेकांची कार्डं एकाच मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी लावतात. त्यात कुणी ब्युटी पार्लर, कुणी ट्रॅक्टर दुरुस्ती, कुणी ज्योतिषी. तो कागद हजार वेळा छापला की प्रत्येकाची हजार कार्डं निघतात. ‘कमीत कमी हजार’ ही अट तिथून आली. दुकानदार अडून बसतो म्हणून ती नसते.

या स्वस्ताईचा एक तोटा आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा. मशिनवर शाई कागदाच्या पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त करता येते, एका कार्डापुरती नाही. त्याच पट्ट्यात शेजारच्याचं गडद लाल कार्ड असेल आणि त्यासाठी शाई वाढवली, तर तुमचा बदामी रंग गुलाबीकडे झुकतो. म्हणून ठोक छपाईत पुढच्या खेपेला तोच रंग येईल अशी खात्री कुणी देत नाही. ज्याचं काम रंगाच्या नेमकेपणावरच उभं आहे, उदाहरणार्थ साड्यांची डिझाइनर, तिने ठोक छपाईच्या नादी लागू नये.

डिजिटलला प्लेट लागत नाही. १२ बाय १८ इंचांच्या एका कागदावर साडेतीन बाय दोनची चोवीस कार्डं आरामात बसतात. पाच कागदांत एकशे वीस. तासाभरात हातात येतात. दर कार्डामागचा भाव ऑफसेटपेक्षा बराच जास्त, पण एकूण खर्च कमी. नव्याने काम सुरू करणाऱ्याने पहिली शंभर कार्डं डिजिटलवरच करावीत. दोन महिने वाटल्यावर कळतं की लोक कोणता प्रश्न कार्ड वाचूनही पुन्हा विचारतात. तो मजकूर सुधारावा आणि मग हजारांचं ऑफसेट करावं. स्वस्त म्हणून आधीच हजार छापणाऱ्यांकडे नंबर बदलल्यावर सातशे-आठशे कार्डं उरतात.

कागदाबद्दल दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती जीएसएम?’ म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, कार्डाला ३०० च्या आसपासचा वापरतात. पण जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. गुळगुळीत आर्ट कार्ड घट्ट दाबलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा खरखरीत, लेप नसलेला कागद हाताला जास्त जाड आणि कडक लागतो. आकड्यावर न जाता नमुना हातात घेऊन वाकवून पाहावा.

आणि लॅमिनेशन. हल्ली ग्लॉस किंवा मॅट फिल्म दोन्ही बाजूंना सरसकट चढवली जाते. कार्ड पाण्याने भिजत नाही, मळत नाही, रंग उठतो. त्याबरोबरच कार्डावर लिहिणं संपतं. बॉलपेन घसरतं, शाई फिसकटते, शिक्का वाळत नाही. डॉक्टरांकडच्या कार्डाच्या मागे पुढची तारीख लिहायची असते, शिंपी मागे मापाचा नंबर टाकतो, घर दाखवणारा एजंट मागे भाडं लिहून देतो. अशा प्रत्येकाने दुकानदाराला स्पष्ट सांगावं: पुढच्या बाजूला लॅमिनेशन, मागची बाजू कोरी आणि फिल्मविना. एका बाजूच्या फिल्मने कार्ड थोडं वळू शकतं, म्हणून कागद जाड घ्यावा. यापुढचे शृंगार, म्हणजे स्पॉट यूव्ही, सोनेरी फॉइल, एम्बॉसिंग, हे पैसे असतील तर करावेत. त्यांनी मजकूर सुधारत नाही.

रंगांची फसगत जवळजवळ प्रत्येकाची होते. मोबाइलचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग करतो. छपाई शाईतून करते. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा पोपटी शाईत येतच नाही. त्यातही गडद निळा दगा देतो. फाइलमध्ये निळी आणि गुलाबी दोन्ही शाया जवळजवळ सारख्या टाकल्या की छापून जांभळा येतो. गुलाबीचं प्रमाण निळ्याच्या बरंच खाली ठेवलं तरच निळा निळा राहतो. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत असावीत. ती चार शायांच्या मिश्रणातून केली आणि मशिनवर एखादा रंग केसभर सरकला, तर अक्षराला रंगीत सावली येते आणि देवनागरीच्या बारीक मात्रा वाचता येईनाशा होतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरंही टाळावीत. शाई पसरून अनुस्वार बुजतात.

कटिंगबद्दल एवढंच: गठ्ठा एकदम कापला जातो तेव्हा पातं मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. म्हणून पार्श्वभूमीचा रंग कार्डाच्या चारही बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर काढतात, त्याला ब्लीड म्हणतात, आणि अक्षरं कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत ठेवतात. कार्डाच्या कडेला लागून बारीक चौकट मागू नये. कापताना जी चूक एरवी दिसलीही नसती, ती अशा चौकटीत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक रेघ होऊन समोर येते.

क्यूआर कोड आता बहुतेक कार्डांवर असतो. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने तो १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केला. कार्डावर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नये आणि भोवती पांढरी मोकळी जागा ठेवावी. ती मोकळी जागा कोडचाच भाग आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न कोडमध्ये आहे काय, हा. नाव-नंबर थेट कोडमध्येच भरलेले असतील तर तो कायम चालतो. पण काही संकेतस्थळं स्वतःच्या पत्त्यावरून वळसा घालणारा कोड बनवून देतात. त्यांची वर्गणी संपली की छापलेल्या सगळ्या कार्डांवरचा कोड एका दिवसात निकामी होतो. डिझाइन करणाऱ्याला हे आधीच विचारावं.

शेवटचं काम प्रूफचं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रूफ हल्ली व्हॉट्सॲपवर येतं, माणूस गाडीवरून उतरता उतरता बघतो आणि ‘ओके’ पाठवतो. त्या ‘ओके’नंतर छापलेल्या चुकीचे पैसे कुठलाही छापखाना परत करत नाही, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. प्रूफ खऱ्या मापात कागदावर काढून घ्यावं आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला चष्म्यासह वाचायला द्यावं. नाव, आडनाव, पदवी एकेक अक्षर बोट ठेवून तपासावं. ऱ्ह, ॲ, रफार आणि अनुस्वार विशेष. ईमेलवर एक पत्र पाठवून ते पोचतं का बघावं. क्यूआर कोड दोन वेगळ्या फोनवरून स्कॅन करावा. आणि मोबाइल नंबर नुसता वाचू नये. आपला नंबर आपल्याला पाठ असतो, त्यामुळे चुकलेला आकडाही डोळ्यांना बरोबर दिसतो. दुसऱ्या कुणालातरी प्रूफ देऊन त्यावरचा नंबर त्याच्या फोनवरून लावायला सांगा, आणि तुमचा फोन वाजल्यावरच छपाईला हो म्हणा.